तीन भाल्यांचा एक्स-रे

१

नूरुन्निसा परकारला माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, हाडं राहत. सौदीतल्या हुफूफ शहरातल्या एका सरकारी इस्पितळात ती नऊ वर्षं एक्स-रे काढत होती. बाजारात एखादी बाई बुरख्याआडून सलाम करायची आणि ही गोंधळून उभी राहायची. त्या बाईने हात पुढे केला की मग ओळख पटायची : ही तर डाव्या मनगटाची, गेल्या रमजानमधली! नवरा इब्राहीम यावरून तिची थट्टा करायचा. तो त्याच इस्पितळात अँब्युलन्स चालवायचा. दोघंही मूळची हर्णैची. इस्पितळाच्या आवारातल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये त्यांचा संसार होता. मुलगी मेहेक ऑगस्टपर्यंत त्यांच्याजवळच होती. पण कुवेत पडलं आणि इब्राहीमने तिला मामाबरोबर गावी धाडून दिलं.

एक्याण्णवच्या जानेवारीत लढाईला तोंड लागलं. विषारी वायूच्या भीतीने इस्पितळाच्या सगळ्या खिडक्यांवर प्लास्टिक ताणून कडेने खाकी चिकटपट्ट्या मारल्या गेल्या. प्रत्येकाला मास्कची एकेक पिशवी मिळाली. ती खांद्याला अडकवूनच कामं चालत. एक्स-रे विभागातले तिघं रजेवर गेले ते परत आलेच नाहीत. उरली ती नूरुन्निसा, आणि फोटो वाचणारे डॉक्टर सत्यजित मोहोनी. डॉक्टर नागपूरचे, पन्नाशीचे, एकटे राहणारे. आखातात येऊन इतकी वर्षं झाली तरी मराठी बोलायला कोणी भेटलं की त्यांचा चेहरा खुलायचा.

इब्राहीमने बायकोच्या पासपोर्टवर बाहेर जाण्याचा शिक्का मारून आणला होता. गुरुवारच्या बसने रियाध, तिथून जिद्दा, जिद्द्याहून विमान. नूरुन्निसाने हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. सकाळी सात वाजता ती आपली डार्करूममध्ये शिरायची, लाल दिवा लावायची आणि कामाला लागायची.

२

त्या शनिवारी उस्ताद अब्दुल मोहसिन नावाचे एक निवृत्त शिक्षक डॉक्टरांना भेटायला आले. त्यांच्या काखेत लाकडी खोकं होतं. त्यांचे थोरले भाऊ तरुणपणी तेल कंपनीच्या कामासाठी इटलीत राहून आले होते. ते वारल्यावर त्यांच्या कपाटात हे खोकं सापडलं. उस्तादांना आतल्या वस्तू संग्रहालयाला द्यायच्या होत्या, पण त्या खऱ्या की बनावट हे आधी कळायला हवं होतं. धातूच्या पोटात काय आहे ते एक्स-रेत दिसतं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

खोक्यात कापसावर भाल्यांची तीन पाती ठेवलेली होती. प्रत्येक पातं वीतभराहून थोडं लांब, पिंपळाच्या पानासारखं निमुळतं, आणि मुळाशी दांडा बसवायची पोकळ नळी. हिरवा गंज चढला होता, पण मधूनच आतला तांबूस सोनेरी रंग डोकावत होता. नूरुन्निसाने एकावरून अंगठा फिरवला आणि तिला पटकन गावची काशाची वाटी आठवली, तळपायाला तेल लावून चोळायची. तसाच गुळगुळीत, तसाच थंड स्पर्श.

डॉक्टरांना जुन्या लढायांच्या वाचनाचा नाद होता. ते खोक्याभोवती लहान मुलासारखे घुटमळू लागले. कडेची दोन पाती ग्रीक आणि मधलं एट्रुस्कन, म्हणजे इटलीतलं, असा त्यांचा अंदाज होता. मधल्याची नळी गोल नव्हती, तिला पैलू होते. अडीच हजार वर्षं तर सहज झाली असतील, म्हणाले. हे लोक एकेकटे लढत नसत, खांद्याला खांदा भिडवून रांग करत. डाव्या हातातली मोठी ढाल अर्धी स्वतःला झाकायची आणि अर्धी शेजारच्याला. म्हणून एकाने जागा सोडली की दुसरा उघडा पडायचा. सगळी लढाई म्हणजे जागा न सोडणं, एवढीच.

नूरुन्निसाने तिन्ही पाती टेबलावर शेजारी शेजारी मांडली, मशीनचा जोर वाढवला आणि फोटो घेतला. फिल्म धुऊन आली तशी डॉक्टरांनी ती दिव्याच्या काचेवर लावली. ओतताना धातूत अडकलेले बारीक बुडबुडे दिसत होते. वस्तू खरी असल्याची ती खूण. डॉक्टर खूश झाले.

नूरुन्निसा मात्र नळीकडे बघत होती. पोकळी काळी दिसायला हवी होती. तिथे करड्या रेघा होत्या, एकमेकींना चिकटून वर चढत गेलेल्या. लाकडाच्या रेषा.

जुन्या दांड्याचा तुकडा अडकला असेल, डॉक्टर म्हणाले. तिने मान हलवली. ते गेल्यावर तिने एक पेन्सिल घेतली आणि तिन्ही नळ्यांत एकामागून एक घालून पाहिली. पेन्सिल तळापर्यंत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या टोकाला चिमूटभर हिरवी धूळ होती. दुसरं काही नाही.

३

दुसऱ्या दिवशी तिने फिल्मचं नवं खोकं फोडलं. फिल्म ठेवायची चपटी कॅसेट उघडून, पुसून, स्वतःच्या हाताने भरली. एका फिल्मवर चुकून दोनदा फोटो निघाला की असले घोटाळे होतात, हे तिला ठाऊक होतं. तसंच काहीतरी झालं असणार, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

या फोटोत दांडा नळीतून बाहेर आला होता. तिन्ही पात्यांना एकेक दांडा, सरळ, गुळगुळीत, फिल्मच्या कडेपर्यंत.

तिने पाती उचलून बाजूला ठेवली आणि रिकाम्या टेबलाचा फोटो काढला. कोरा आला. पाती परत ठेवली. दांडे आले. मग तिने पुन्हा ती ठेवली, आणि फोटो घेण्याआधी, जिथे दांडा असायला हवा होता तिथे टेबलावर हाताचा पंजा टेकवला. हाताला लागला तो टेबलाचा नेहमीचा गारवा. तिने हात तिथेच थोडा वेळ ठेवला. मग तिला वाटलं की आपण कोणाच्या तरी वस्तूला न विचारता हात लावतोय, आणि तिने तो काढून घेतला.

डॉक्टरांना तिने सगळे फोटो ओळीने दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग उठून त्यांनी खोलीचं दार आतून बंद केलं.

“परकारबाई,” ते म्हणाले, “हे आपल्या दोघांतच राहू द्या.”

त्यांच्या आवाजात भीती नव्हती. एखाद्याच्या ओंजळीत कोणी काहीतरी फार जपून ठेवावं आणि निघून जावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

४

सोमवारी दुपारी पेशंट संपल्यावर दोघांनी ठरवलं, की दांडा जातो कुठे ते बघायचं. पाती टेबलाच्या एका टोकाला ठेवली. नूरुन्निसा मोठी कॅसेट एकेक वीत खाली सरकवत गेली आणि मशीनचं डोकं तिच्याबरोबर पुढे ओढत गेली. पहिल्या फोटोत दांडे. दुसऱ्या फोटोत दांडे. पण कडेचे दोन आता तिरके होऊन फिल्मच्या बाहेर चालले होते, मधल्याला जागा करून दिल्यासारखे.

तिसरी फिल्म तिने लाल दिव्याखाली डेव्हलपरमधून वर काढली. तिच्या हातून ती टाकीत पडता पडता राहिली.

दांड्याभोवती बोटं होती. चार बोटांची हाडं एकावर एक वळलेली, वर अंगठा. खाली मनगटाची आठ बारकी हाडं, त्याखाली हाताची दोन लांब हाडं. अशी हजारो मनगटं तिने पाहिली होती. यात चुकीचं काही नव्हतं, फक्त हात तिथे नव्हता.

ओल्या फिल्मचे थेंब बाहीवर पडत होते तरी ती बघत राहिली. हाडांच्या कडा किंचित फिसकटलेल्या होत्या. तिने मनातल्या मनात मशीनला दोष देऊन पाहिला, मग टेबल हललं असेल म्हणून पाहिलं. पण दांड्याची कड स्वच्छ होती. हलला होता तो हात.

डॉक्टरांपुढे फिल्म धरून ती म्हणाली, “पेशंट थरथरत असला की असा फोटो येतो.”

आणखी एक गोष्ट तिने त्यांना दाखवली. मनगटाशी, लांब हाडाच्या टोकाला, एक पुसट आडवी रेघ होती. पोरांचं हाड जिथून वाढतं ती जागा. वाढ पुरी झाली की ती रेघ मिटते. ही अजून पुरती मिटली नव्हती.

“किती?” डॉक्टरांनी विचारलं.

“सतरा. फार तर अठरा.”

डॉक्टर स्टुलावर बसले. बाहेर आकाशात विमानांचा एक ताफा घरघरत उत्तरेकडे गेला, खिडकीवरचं प्लास्टिक फडफडलं आणि थांबलं. मग ते हळूहळू बोलू लागले. ग्रीक आणि एट्रुस्कन हे एकमेकांचे वैरी होते, समुद्रात एकमेकांची गलबतं बुडवणारे. त्या दोन ग्रीकांच्या मधे हा इटलीतला पोरगा उभा राहील, असं कुठल्याच पुस्तकात सापडायचं नाही. वैरी एका रांगेत आलेत, ते कोणाच्या समोर उभे राहायला, हे त्यांना कळत नव्हतं. नूरुन्निसालाही कळत नव्हतं. तिने फक्त एवढं पाहिलं की पात्यांची टोकं भिंतीकडे होती, आणि ती भिंत उत्तरेची होती. तशी तिनेच ठेवली होती. तसं तिला वाटत तरी होतं.

घरी तिने इब्राहीमला काही सांगितलं नाही. तो तिची बॅग भरत बसला होता. मेहेकसाठी घेतलेली लाल चप्पल त्याने कागदात गुंडाळून सगळ्यात वर ठेवली.

५

बुधवारी सकाळी बातमी आली, की इराकी फौज सरहद्द ओलांडून खफजी गावात घुसली. इस्पितळातल्या सगळ्या अँब्युलन्सना उत्तरेला निघायचा हुकूम सुटला. इब्राहीम गाडीत ऑक्सिजनची नळकांडी चढवत होता. निघायला अजून तासभर होता, म्हणून नूरुन्निसा आपल्या खोलीत आली, तर डॉक्टर तिची वाट बघत उभे होते. रात्री त्यांना झोप लागलेली दिसत नव्हती. टेबलावर त्यांनी खडूने खुणा करून ठेवल्या होत्या. हात इथे, तर खांदा इथे, छाती इथे, आणि इथे डोकं.

“चेहऱ्याचा मी काढणार नाही,” ती म्हणाली.

“का?”

“तो काही फोटो काढायला आलेला नाही, डॉक्टर. चेहरा नको.”

डॉक्टरांनी वाद घातला नाही. छातीचा काढायचं ठरलं. तिने पाती ठेवली, खडूच्या खुणेवर कॅसेट लावली, केबिनमध्ये जाऊन शिशाच्या काचेआड उभी राहिली. समोर रिकामं टेबल. मनात इब्राहीमची गाडी, गुरुवारची बस, मेहेक. हात सवयीने बटणावर गेला, आणि छातीच्या प्रत्येक फोटोआधी दिवसातून चाळीस वेळा जे शब्द तोंडून जायचे ते आपसूक निघून गेले.

“खुद नफस. ला ततनफ्फस.”

मोठा श्वास घे. आता श्वास रोख.

आपण कोणाशी बोललो हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा बटण दाबून झालं होतं. आणि त्याच क्षणी दारावर थाप पडली. गाड्या वेळेआधीच निघत होत्या. ती तशीच, अंगावरचा शिशाचा एप्रन न काढता, आवारात धावली. इब्राहीम गाडीत बसला होता, इंजिन सुरू होतं. त्याने काच खाली केली.

“उद्या बस चुकवू नकोस,” तो म्हणाला.

“तुम्ही जपून चालवा.”

त्याने तिच्या एप्रनकडे पाहिलं, हसला आणि गाडी काढली. नऊ गाड्या एकामागून एक फाटकातून बाहेर पडल्या.

६

छातीचा तो फोटो तिने दुपारी धुतला. इतका स्वच्छ फोटो तिने नऊ वर्षांत काढला नव्हता. बरगड्यांच्या कडा सुरीने कोरल्यासारख्या. मधे हृदयाची सावली. डावीकडून उजवीकडे जाणारी एक मोठी पांढरी कमान, काशाच्या ढालीची कड. दोन्ही अंगांना, फिल्मच्या अगदी टोकाला, दुसऱ्या दोघांच्या खांद्यांची गोल हाडं, त्याच्या खांद्यांना भिडलेली. डॉक्टरांनी ती फिल्म काचेवर लावली आणि देवासमोर उभं राहावं तसे हात जोडले. लाज वाटून लगेच सोडलेही.

गुरुवारी बस आली आणि गेली. नूरुन्निसा तिच्यात बसली नाही. इब्राहीमचा निरोप नव्हता, खफजीत गल्लोगल्ली लढाई चालली होती, आणि जखमी इथवर आणले तर फोटो काढायला दुसरं कोणी नव्हतं. बॅग पलंगाखाली गेली.

त्या दोन दिवसांत इस्पितळातली हवा कोंडली. तसं सगळेच म्हणत होते. वॉर्डातले म्हातारे उठून बसत आणि दार उघडा म्हणत. दार उघडंच असे. नूरुन्निसाने डार्करूमच्या झरोक्याला हवा खेळते की नाही ते कळावं म्हणून दोरा बांधला होता. तो सरळ खाली लोंबत होता, पंखा चालू असूनही. कॉरिडॉरमधून जाताना माणसं आवाज न करता चालत, आणि का ते त्यांनाच सांगता येत नसे. स्वयंपाकघरात भांडं पडलं तर सगळे वळून बघत. प्लास्टिकमुळे असं होतंय, नूरुन्निसा स्वतःला सांगायची. खिडक्या बंद, दारं बंद, माणसं घाबरलेली. आणखी काय होणार? पण एक्स-रेच्या खोलीत शिरलं की ते कोंडलेपण दुप्पट व्हायचं. कानाला दडे बसायचे. हर्णैला वादळ यायच्या आधी समुद्र सपाट होतो आणि कोळी होड्या वर ओढतात, तसं तिला वाटायचं.

शुक्रवारी इस्पितळ रिकामं रिकामं होतं. सगळे जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. डॉक्टर आणि ती त्या फिल्मसमोर बसली होती. डॉक्टर बरगड्या मोजत होते. छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या वर दहा.

“दहा,” ते म्हणाले. “म्हणजे पुरा श्वास घेतलाय. छाती भरून. आणि बघा, जराही हललेला नाही. सोमवारी हात थरथरत होता, आणि इथे किती शांत. तुम्ही काय केलंत?”

नूरुन्निसा उठून उभी राहिली.

“मी त्याला श्वास रोखायला सांगितला.”

“आणि त्याने रोखला?”

“रोखला. पण दारावर थाप पडली आणि मी धावत बाहेर गेले. डॉक्टर, मी त्याला सोड म्हणून सांगितलंच नाही.”

७

ती एक्स-रेच्या खोलीकडे निघाली तसे डॉक्टर उठून दारापाशी गेले आणि तिच्या वाटेत उभे राहिले. त्यांचं म्हणणं तिने ऐकून घेतलं. असले लोक रांगेत उभे राहून श्वास रोखतात ते हुकुमाची वाट बघत, ते म्हणाले. श्वास सुटला की रांग पुढे सरकते. तो एकटा नाही, त्याच्या दोन्ही खांद्यांना दोन खांदे लागलेत, त्यांच्या पलीकडे किती आहेत कोण जाणे. ते कोणाच्या बाजूने आहेत हेही आपल्याला माहीत नाही. इब्राहीम त्याच उत्तरेला आहे. राहू द्या तसंच; उद्या उस्ताद येऊन खोकं घेऊन जातील.

सगळं खरं होतं. पण नूरुन्निसाच्या डोळ्यांपुढे ती मनगटाजवळची पुसट रेघ होती, न मिटलेली.

“सतरा वर्षांचा आहे हो,” ती म्हणाली. “दोन दिवस झाले.”

डॉक्टर बाजूला झाले.

खोलीत दुपारचं ऊन प्लास्टिकमधून पिवळट होऊन पडलं होतं. टेबलावर तीन पाती तशीच होती. ती केबिनमध्ये गेली नाही. टेबलाशी जाऊन उभी राहिली, खडूच्या खुणेजवळ. अरबीतला शब्द तोंडाशी आला. मग वाटलं, या पोराला अरबी तरी कुठे कळत असेल. मेहेक तापात बरळायची तेव्हा तिच्या कपाळावर हात ठेवून ती बोलायची, तशा आवाजात ती म्हणाली,

“सोड, बाळा. सोड श्वास.”

आधी काहीच झालं नाही. मग तिच्या कानाच्या उंचीवर, उभ्या माणसाचं तोंड असावं तिथे, कोणीतरी श्वास सोडला. लांब, थरथरता, संपता न संपणारा. तिच्या कपाळावरचे केस हलले.

तो संपायच्या आत त्याच्या उजवीकडून दुसरा सुटला. डावीकडून तिसरा. मग त्यांच्या पलीकडे, भिंतीत. भिंतीच्या पलीकडे, कॉरिडॉरमध्ये. एकामागून एक श्वास सुटत गेले, दोन्ही बाजूंना, लांब लांब. तो आवाज इस्पितळाच्या बाहेर गेला, आवार ओलांडून, खजुरीच्या बागांवरून पुढे, ओहोटीला खडीवरून पाणी मागे सरतं तसा, आणि सरतच राहिला. नूरुन्निसा ऐकत होती. संपला असं वाटायचं आणि आणखी दूर कुठेतरी एक नवा सुटायचा. एका पोराने तिचं ऐकलं म्हणून त्या सगळ्यांनी रोखून धरला होता. हजार असतील की दहा हजार, तिला अंदाज करता येईना. तिने गुडघे टेकले. ती घाबरून खाली बसली नव्हती. उभं राहणं बरं दिसणार नाही, असं तिला वाटलं.

खिडकीवरचं प्लास्टिक एकदम बाहेरच्या बाजूला फुगलं आणि चिकटपट्ट्या तटातट निघाल्या.

मग क्षणभर शांतता. आणि मग सगळ्यांनी मिळून एक पाऊल टाकलं.

आवाज मोठा नव्हता. पण रॅकमधल्या कॅसेट एकमेकींवर किणकिणल्या, टाकीतल्या पाण्यावर वर्तुळं उठली, आणि दारात उभ्या असलेल्या डॉक्टर सत्यजित मोहोनींनी भिंतीला पाठ लावून वाट मोकळी करून दिली. त्यांना काय दिसलं ते त्यांनी नंतर कधी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. मान खाली घालून ते उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

८

शनिवारी उस्ताद येण्याआधी नूरुन्निसाने एक शेवटचा फोटो काढला. तीन पाती, तीन काळ्या पोकळ नळ्या. डॉक्टरांनी उस्तादांना सांगितलं की वस्तू खऱ्या आहेत, आणि खोकं दोन्ही हातांनी त्यांच्या स्वाधीन केलं. आधीच्या फिल्म त्यांनी स्वतःजवळ ठेवल्या. पुढे नागपूरला परतताना त्या बरोबर नेल्या असं ऐकिवात आहे. कोणाला दाखवल्याचं ऐकिवात नाही.

इब्राहीम आला तो दुपारनंतरच्या असरच्या नमाजाच्या सुमाराला. गाडी धुळीने पांढरी झाली होती, तोही. त्याने हातपाय धुतले, दोन कप चहा प्याला आणि उंबऱ्यावर जाऊन बसला. बस चुकवल्याबद्दल तो रागावेल असं तिला वाटलं होतं, पण त्याने तो विषयच काढला नाही. खफजी सुटलं, म्हणाला. त्याच्या गाडीतून चार जखमी जुबैलला पोचवले, चौघंही जगले.

मग तो म्हणाला, की काल दुपारी एक गोष्ट झाली.

किनाऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची लांबच लांब रांग चालली होती. लष्करी ट्रक, पाण्याचे टँकर, अँब्युलन्स. जुम्म्याची वेळ उलटून गेली असेल, आणि पुढचा ट्रक थांबला. त्याच्या पुढचाही थांबला होता. कोणी थांबवलं नव्हतं. रस्ता मोकळा होता, वाळूत काही हलत नव्हतं, आकाशात विमान नव्हतं. तरी एकेक ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिला. पाकिस्तानी, मिसरी, बंगाली, सगळे. कोणी कोणाशी बोललं नाही. मयत जाताना माणूस बाजूला होऊन उभा राहतो तसे उभे होते. समोरून काहीतरी चाललं होतं.

“दिसलं काही?” नूरुन्निसाने विचारलं.

“नाही. पण जमीन कळत होती. पायाखाली.”

“किती वेळ?”

“अर्धा तास. जास्तच असेल. संपेचना.”

तिने कपबशा उचलल्या, पुन्हा खाली ठेवल्या. तिला जे विचारायचं होतं ते विचारायची भीती वाटत होती.

“लढाईकडे गेलं?”

इब्राहीमने मान हलवली.

“लढाई डावीकडे राहिली. ते रस्ता ओलांडून उजवीकडे गेलं. पाण्याकडे. समुद्रात शिरल्यासारखं वाटलं, आणि मग पाणी किती तरी लांबवर चमकत राहिलं, सोन्यासारखं.” आपल्या पायांकडे बघत तो म्हणाला, “मी बूट काढून उभा होतो, नूर. तापल्या डांबरावर. माझ्या बाजूच्यानेही काढले होते. का काढले ते मला विचारू नकोस.”